पाच वर्षांचे कर्ज आणि दहा दिवसांचा दूधदर: दहा गाईंच्या गोठ्याचा हिशेब

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. पारनेर तालुक्यात चार एकर जमीन आहे, एक विहीर आहे आणि तिचे पाणी मार्चनंतर कमी होते. दहा संकरित गाई आणि गोठा यांसाठी बँक बारा लाख रुपये अकरा टक्के व्याजाने पाच वर्षांच्या मुदतीवर द्यायला तयार आहे. गाय २० लिटर दूध देते, दर ३५ रुपये धरला तर महिन्याला २,१०,००० रुपये येतात, त्यातून खुराक आणि इतर खर्चाचे १,१०,००० रुपये वजा जाता एक लाख उरतात, असा तुमचा हिशेब आहे. तेव्हा हा गोठा करावा का, आणि दुधाला हमीभाव मिळण्याची शक्यता किती, असे तुम्ही विचारले आहे.

अहिल्यानगर आणि पुणे जिल्ह्यांच्या सीमेवरच्या गावांत मी पशुवैद्यक म्हणून काम केले आहे, काही गोठ्यांचे जमाखर्च अजूनही पाहतो आणि घरी स्वतःच्याही गाई आहेत. त्या आधारावर सांगायचे तर तुमचा खरा प्रश्न गोठा करावा की नाही हा नाही. दर दहा दिवसांनी बदलू शकणाऱ्या दुधाच्या पगारावर, म्हणजे डेअरीकडून मिळणाऱ्या पैशांवर, पाच वर्षे न बदलणारा बँकेचा हप्ता उभा राहील का, हा तुमचा खरा प्रश्न आहे. याचे उत्तर चारा कोणाचा, धारा काढणारे हात कोणाचे आणि दूध कुठे जाते यांवर अवलंबून आहे, म्हणून माझे आकडे तुमच्या गावात थोडे मागेपुढे होतील हे गृहीत धरा.

आधी तुमच्या हिशेबातील सर्वांत मोठी गफलत पाहू, कारण ती जवळपास प्रत्येक प्रकल्प अहवालात असते. गाय विकली जाते तिच्या सर्वोच्च दुधावर आणि पोसावी लागते वर्षभर. बाजारात ‘वीस लिटरची गाय’ म्हणतात तेव्हा व्यायल्यानंतर दीड-दोन महिन्यांनी ती एका दिवसाला जे देते तो आकडा सांगितलेला असतो. संपूर्ण वेताचे, म्हणजे व्यायल्यापासून दूध आटेपर्यंतचे, दूध ढोबळमानाने या सर्वोच्च दुधाच्या दोनशे पट येते, म्हणजे या गाईचे वेत साधारण ४,००० लिटरचे. दोन व्यायण्यांमधील अंतर उत्तम व्यवस्थापनात ४०० दिवसांचे असते. त्यातले ३१० दिवस ती दुधात असते आणि ९० दिवस भाकड. चार हजारांतून वासराला पाजलेले, घरी लागलेले आणि औषधोपचाराच्या दिवसांत डेअरीला न घालता येणारे दूध वजा केले की विक्रीला ३,७५० लिटर उरते. चारशे दिवसांनी भागल्यास रोज साडेनऊ लिटरांच्या आत. तुमच्या कागदावर दहाही गाई रोज वीस लिटर देत आहेत आणि एकही भाकड नाही. असा गोठा मी पाहिलेला नाही.

आता एका गाईचा ४०० दिवसांचा खर्च मांडू. दुधात असताना सरासरी साडेपाच किलो आणि भाकड काळात दोन किलो खुराक धरला तर सुमारे १,९०० किलो होतो. गोळी पेंड, सरकी पेंड आणि मक्याचा भरडा यांची सरासरी ३० रुपये धरली तर ५७,००० रुपये. हिरवा चारा आणि मुरघास (हवाबंद साठवून मुरवलेला हिरवा चारा) मिळून रोज वीस किलो, म्हणजे आठ टन. तो स्वतःच्या शेतातला असेल तर किलोला तीन रुपये खर्च येतो असे समजून २४,००० रुपये. कडबा किंवा इतर वाळला चारा ८,०००, खनिज मिश्रण २,०००, रेतन, औषधे, लसीकरण आणि विमा मिळून ६,०००, वीज-पाणी आणि किरकोळ ३,०००. एकूण बरोबर एक लाख रुपये. यात मजुरी नाही, व्याज नाही आणि गाईची घसारा-तूटही नाही.

उत्पन्नाची बाजू अशी. डेअरीकडून हाती ३० रुपये पडले तर दुधाचे १,१२,५०० रुपये होतात. शेणखत आणि वासरू यांचे मिळून सरासरी ११,००० धरू. वासरू निम्म्या वेळा गोऱ्हा (नर) असतो हे लक्षात घेऊनच हा आकडा कमी ठेवला आहे. म्हणजे १,२३,५०० आले, एक लाख गेले आणि २३,५०० उरले. दहा गाईंचे २,३५,००० रुपये तेरा महिन्यांत, म्हणजे महिन्याला अठरा हजारांच्या आसपास. बारा लाखांच्या कर्जाचा पाच वर्षांचा मासिक हप्ता अकरा टक्क्यांनी साधारण २६,००० रुपये येतो. दर ३० असताना महिन्याला आठ हजार रुपये घरातून घालावे लागतील. तुम्ही धरलेला ३५ चा दर खरोखर मिळाला तर महिन्याला ३२,००० सुटतात आणि हप्ता भरून सहा हजार उरतात, तेही दोन माणसांच्या पहाटे-संध्याकाळच्या श्रमाचे. आणि दर २६ वर आला तर दहा गाईंमागे महिन्याला साडेसहा हजारच सुटतात, म्हणजे हप्त्यातले जवळपास वीस हजार कमी पडतात.

यावर तुम्ही म्हणाल की २६ चा दर कशाला धरायचा, अनुदानासह ३५ चा भाव सरकारने स्वतः जाहीर केला होता. दुधाच्या अर्थकारणाचा मूळ मुद्दा इथेच आहे, म्हणून यावर थोडे सविस्तर लिहितो.

आपल्या भागात गाईचे जे दूध गोळा होते त्यातले सगळे पिशवीतून मुंबई-पुण्याला जात नाही. पिशवीबंद विक्रीला लागते तेवढे गेले की उरलेल्या दुधाची भुकटी आणि लोणी होते, आणि आपल्या दुधाचा दर या उरलेल्या दुधाच्या किमतीवर ठरतो. ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ (फॅट सोडून दुधातले इतर घनपदार्थ) असलेल्या शंभर लिटर दुधातून सुमारे नऊ किलो स्किम्ड, म्हणजे फॅट काढलेल्या दुधाची, भुकटी आणि चार किलोंहून थोडे अधिक लोणी मिळते. त्यामुळे भुकटीचा बाजार किलोमागे शंभर रुपयांनी उतरला की लिटरमागे नऊ रुपये नाहीसे होतात. २०२३ च्या सुरुवातीला भुकटीचा भाव किलोला तीनशेच्या वर होता आणि तेव्हा शेतकऱ्याला ३६ ते ३८ रुपयांपर्यंत दर मिळत होता. गाईंच्या लम्पी त्वचारोगाच्या साथीनंतर दुधाचा तुटवडा होता, खुराक महागला होता आणि संघ-डेअऱ्या एकमेकांचे दूध ओढत होत्या. पुढच्या वर्ष-दीड वर्षात भुकटी २०० ते २१० रुपयांवर आली आणि दूध २५ ते २७ वर. दर का पडला, यामागे कोणाचे कारस्थान आहे का, असे मला वारंवार विचारले जाते. डेअऱ्या तोटा शेतकऱ्याकडे लगेच सरकवतात आणि नफा उशिरा वाटतात ही तक्रार खरी आहे, पण पडझडीचा मोठा भाग या नऊ किलोंच्या गणितातच सापडतो.

आता सरकारने काय केले ते क्रमाने पाहा. जुलै २०२३ मध्ये राज्य सरकारने ३.५/८.५ प्रतीच्या गाईच्या दुधाला किमान ३४ रुपये दर जाहीर केला. काही महिन्यांत प्रत्यक्ष दर २७ च्या खाली गेला, कारण त्या दराने दूध न घेणाऱ्या खासगी डेअरीला रोखणारा कायदाच नव्हता. मग जानेवारी २०२४ पासून डेअरीने २७ द्यावेत आणि सरकार थेट खात्यात ५ रुपये देईल अशी योजना आली. जुलै २०२४ पासून डेअरीचे ३० आणि सरकारचे ५ असे ३५ झाले. ऑक्टोबर २०२४ पासून डेअरीचा वाटा २८ वर आला आणि अनुदान ७ झाले. शेतकऱ्याची बेरीज ३५ च राहिली. जुलै आणि ऑक्टोबरमधला हा फरक नीट वाचा: अनुदान दोन रुपयांनी वाढले, पण ते दोन रुपये शेतकऱ्याच्या खिशात न जाता डेअरीचा खरेदी खर्च तेवढ्याने हलका झाला. लिटरमागच्या अनुदानाचा हा जुना दोष आहे. ज्या साखळीत दर ठरवण्याची ताकद एका बाजूला असते, तिथे बाहेरून आलेले पैसे त्या बाजूला झुकतात.

शिवाय अनुदान म्हणजे दुधाचा पगार नव्हे. त्यासाठी गाईच्या कानात बारा अंकी बिल्ला हवा, तिची ऑनलाइन नोंद हवी, शेतकऱ्याचे खाते आधारशी जोडलेले हवे आणि संकलन केंद्राने रोजच्या दुधाची माहिती वेळेवर भरलेली हवी. यातील एक कडी तुटली की पैसे अडकतात. गावातल्या हॉटेलला किंवा गवळ्याला दूध घालणाऱ्याला तर ते मिळतच नाहीत. पेंडीचा दुकानदार मात्र दहा दिवसांच्या पगाराला उधारी मागतो. मी ज्या गोठ्यांचे हिशेब पाहतो तिथे अनुदान कधीच नियमित उत्पन्नात धरू देत नाही. आले की कर्जखात्यात किंवा मुरघासात घालावे.

हे २०२४ चे एक अपवादात्मक वर्ष होते असेही समजू नका. जुलै २०१८ मध्ये दर १७ ते २० रुपयांवर आल्यावर राज्यभर दूध आंदोलन झाले आणि २५ रुपये दर व ५ रुपये अनुदानावर ते मिटले. २०२० च्या टाळेबंदीत हॉटेले, मिठाईची दुकाने बंद पडताच दर पुन्हा विशीत आला आणि सरकारला रोज दहा लाख लिटर दूध घेऊन त्याची भुकटी करावी लागली. त्यानंतर २०२३ च्या अखेरीची घसरण. सहा वर्षांत तीन पडझडी. तुमच्या कर्जाची मुदत पाच वर्षांची आहे, म्हणजे त्या काळात किमान एक पडझड येणार हे गृहीत धरूनच हप्ता ठरवायला हवा. चांगल्या काळातील दरावर कर्ज घेणारा शेतकरी पहिल्याच मंदीत दुधातल्या गाई विकतो, आणि त्या वेळी सगळेच विकत असल्याने नव्वद हजारांची गाय पन्नास हजारांना जाते. खुराक महाग झाल्याने बुडालेले गोठे मी थोडे पाहिले आहेत, या जबरदस्तीच्या विक्रीने बुडालेले कितीतरी.

हमीभावाच्या प्रश्नाचे माझे उत्तर असे आहे की नजीकच्या काळात तो मिळेल या आशेवर कर्ज घेऊ नका. केंद्र सरकार २२ पिकांचे किमान आधारभूत दर आणि उसाची एफआरपी (कारखान्याने उसाला द्यायचा किमान दर) जाहीर करते. त्या यादीत दूध नाही. हमीभाव कागदावर राहू नये यासाठी पडत्या बाजारात कोणीतरी माल विकत घेऊन साठवावा लागतो. गहू-तांदूळ कोठारात राहतात, दूध दुसऱ्या दिवशीही राहत नाही, म्हणून सरकारला त्याची भुकटी करून ती सांभाळावी लागेल. ज्या राज्यात शासकीय दूध योजना आक्रसत गेल्या आणि राज्याच्या सहकारी दूध महासंघाचे, म्हणजे ‘महानंद’चे, व्यवस्थापनही २०२४ मध्ये राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाकडे सोपवावे लागले, तिथे ही यंत्रणा लवकर उभी राहील असे मला दिसत नाही.

उसाचे उदाहरण शेतकरी संघटना नेहमी देतात आणि ते विचार करण्यासारखे आहे. उसाला एफआरपी मिळते ती केवळ कायद्यामुळे नव्हे. २०१८ मध्ये साखरेच्या विक्रीलाही किलोला २९ रुपये आणि २०१९ पासून ३१ रुपये असा किमान दर बांधला गेला, म्हणजे कच्च्या मालाच्या दराखाली पक्क्या मालाच्या दराचा आधार दिला गेला. भुकटीला तसा आधार नाही. तसेच उसात साखर आणि उपपदार्थांच्या उत्पन्नातला सत्तर टक्के वाटा शेतकऱ्याला देण्याचे सूत्र आहे. दुधात असे महसूल वाटपाचे सूत्र लागू करावे ही मागणी मला जाहीर केलेल्या ३४ किंवा ३५ रुपयांपेक्षा अधिक टिकाऊ वाटते. भुकटी, लोणी आणि पिशवीबंद दूध यांच्या बाजारभावाला जोडलेला, दर महिन्याला जाहीर होणारा आणि खासगी डेअरीलाही बंधनकारक असा किमान दर ठरला तर मंदीत शेतकऱ्याला तोटा होईलच, पण तेजीत त्याचा वाटा आपोआप वाढेल आणि दर कशाने पडला हे त्याला तपासता येईल. आज तो फक्त दरपत्रक वाचतो.

गुजरातमध्ये ग्राहकाच्या रुपयातला ऐंशी टक्क्यांच्या आसपास भाग उत्पादकाकडे जातो असे सांगितले जाते, आणि त्याचे कारण अनुदान नसून तिथे दूध, प्रक्रिया आणि ब्रँड हे तिन्ही उत्पादकांच्या संघांच्या हातात आहेत. कर्नाटकात सहकारी संघाला दूध घालणाऱ्यांना राज्य सरकार लिटरमागे ५ रुपये प्रोत्साहन कित्येक वर्षे देत आहे. ते संकटात जाहीर होऊन नंतर थांबत नाही, हा त्याचा गुण. महाराष्ट्रात मात्र बहुतांश दूध खासगी डेअऱ्यांकडे जाते. कोल्हापूरसारख्या जिल्ह्यात म्हशीचे दूध आणि मजबूत संघ यांमुळे चित्र वेगळे आहे, पण पारनेरचा हिशेब कोल्हापूरच्या दरावर करून चालणार नाही. आयातीची भीतीही अनेक जण घालतात. भुकटीवर साठ टक्के आयात शुल्क आहे आणि २०१९ मध्ये भारत आरसेप या आशिया-पॅसिफिक देशांच्या व्यापार कराराच्या वाटाघाटींतून बाहेर पडला त्यात दुग्धव्यवसायाची चिंता हे एक मोठे कारण होते. तूर्त तुमचा धोका देशातल्या देशातल्या तेजी-मंदीचा आहे.

धोरणाचा आणखी एक पैलू प्रकल्प अहवालात कधीच येत नाही, तो म्हणजे भाकड गाय आणि गोऱ्हा यांचे मूल्य. नव्वद हजारांची गाय चार वेतांनंतर वीस हजारांना जाईल असे धरले तर प्रत्येक वेतावर १७,५०० रुपयांची तूट बसते. मार्च २०१५ पासून राज्यात गाईबरोबर बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आहे. या कायद्याच्या सामाजिक बाजूबद्दल प्रत्येकाचे मत असू शकते. हिशेबाच्या बाजूने एवढेच सांगता येते की त्यानंतर संकरित गोऱ्ह्याला किंमत राहिली नाही आणि भाकड गाईचा गिऱ्हाईक कमी झाला. २०२५ मध्ये मांसाच्या व्यवसायातल्या कुरेशी समाजाच्या व्यापाऱ्यांनी जनावरांची खरेदी थांबवली तेव्हा आठवडे बाजारात भाकड जनावरांना विचारणारे कोणी नव्हते. म्हणून वीस हजारांऐवजी शून्य धरून पाहा, तूट वेतामागे २२,५०० होते, आणि ती गाय दावणीला खात राहिली तर त्याहून अधिक. म्हशीला ही अडचण नाही, हा म्हशीच्या बाजूचा एक मोठा मुद्दा आहे, मात्र म्हैस उशिरा गाभण राहते आणि पारनेरच्या उन्हात तिला पाणी अधिक लागते. लिंगनिर्धारित वीर्यमात्रा वापरल्यास नव्वद टक्क्यांच्या आसपास कालवडी होतात, आणि गोऱ्ह्याचा प्रश्न सध्या तरी एवढ्यानेच सुटतो. पहिल्या-दुसऱ्या वेताच्या निरोगी गाईवर ती जरूर वापरा. वारंवार उलटणाऱ्या, म्हणजे रेतन करूनही गाभण न राहणाऱ्या, गाईवर तो पैसा वाया जातो.

दर तुमच्या हातात नाही, तेव्हा हातात काय आहे? माझ्या मते सर्वांत आधी दोन वेतांमधील अंतर. मी वर ४०० दिवस धरले आहेत, पण आपल्या भागातल्या अनेक गोठ्यांत ते ४९० दिवसांच्या घरात असते. त्या वाढीव नव्वद दिवसांत गाय दूध देत नाही आणि रोज सुमारे १४० रुपयांचा चारा-खुराक खाते, म्हणजे बारा ते तेरा हजार रुपये. वर ३० च्या दराने जे २३,५०० सुटले होते त्यातले निम्म्याहून अधिक इथेच गेले. याचे कारण बहुतेक वेळा रोग नसतो. व्यायल्यानंतर गाय खंगलेली असते, खनिज मिश्रण दिलेले नसते आणि माजाची (गाय रेतनाला तयार असण्याच्या काळाची) नोंद कोणी ठेवत नाही. फारशी लक्षणे न दाखवणारा मुका माज पहाटे आणि रात्री उशिरा दिसतो, आणि त्या वेळी गोठ्यात पगारी माणूस नसतो. भिंतीवर एक दिनदर्शिका टांगून व्याल्याची, माजाची आणि रेतनाची तारीख लिहिण्याला काही खर्च नाही.

दुसरी गोष्ट चाऱ्याची. आठ टन चारा किलोला तीन रुपयांऐवजी सहा रुपयांनी विकत घेतला तर गाईमागे २४,००० वाढतात आणि ३० च्या दराने जे सुटते ते सगळे संपते. म्हणून चारा विकत घेऊन गाय पाळणे हा धंदा आपल्या दरात बसत नाही, असे मी स्पष्टपणे सांगतो. एकरी पंधरा ते वीस टन हिरवा मका येतो. दहा गाईंना ऐंशी टन लागतो, म्हणजे खरीप आणि रब्बी मिळून अडीच एकर त्यातच गुंतेल. तुमचे पाणी मार्चनंतर आटते, त्यामुळे उन्हाळ्याचा सगळा चारा ऑक्टोबर ते फेब्रुवारीत मुरघास करून साठवावा लागेल. उरलेल्या दीड एकरात कांदा किती होईल आणि त्याचे काय होईल हे तुम्ही मला सांगण्याची गरज नाही.

प्रतीकडेही लक्ष द्या, कारण जाहीर झालेला दर आणि हाती पडणारा दर यांत तिथे फरक पडतो. दूध ३.३ फॅट आणि ८.२ एसएनएफ लागले तर फॅटचे दोन आणि एसएनएफचे तीन पॉइंट कमी झाले. पॉइंटला ३० पैसे कपात असेल तर दीड रुपया जातो, आणि एसएनएफच्या पॉइंटला एक रुपया लावणारी डेअरी असेल तर ३.६० रुपये जातात. दर पडतो तेव्हा काही डेअऱ्या मूळ दराला हात न लावता ही कपात वाढवतात. त्यामुळे दूध घालण्याआधी संपूर्ण दरपत्रक लेखी घ्या. उसाच्या वाढ्यांवर आणि नुसत्या हिरव्या गवतावर ठेवलेल्या गाईचे एसएनएफ बसत नाही. वाळला चारा, मका आणि खनिज मिश्रण यांनी ते महिन्याभरात सुधारलेले मी अनेकदा पाहिले आहे.

तर मी तुमच्या जागी असतो तर काय केले असते? दहाऐवजी तीन गाई घेतल्या असत्या: दोन दुधातल्या आणि एक सात महिन्यांची गाभण, तिन्ही पहिल्या किंवा दुसऱ्या वेताच्या. घेताना सलग तीन धारा समोर काढून मोजल्या असत्या, चारही सड तपासून घेतले असते. किसान क्रेडिट कार्डावर पशुपालनासाठी दोन लाखांपर्यंतचे खेळते भांडवल वेळेवर फेडल्यास प्रत्यक्षात चार टक्के व्याजाने पडते. ते चारा, खुराक आणि मुरघासाच्या खर्चासाठी वापरले असते आणि गाई शक्य तितक्या स्वतःच्या पैशातून घेतल्या असत्या. सिमेंटच्या गोठ्यावर तीन लाख न घालता तारेचे कुंपण, थोडी सावली आणि पाण्याची टाकी असा मुक्त संचार गोठा केला असता. त्यातून वाचलेला पैसा कडबा कुट्टी यंत्र आणि मुरघासाच्या खड्ड्यात घातला असता. घरच्या कालवडी वाढवत तीन-चार वर्षांत आठ-दहा गाईंपर्यंत जाता येते. तोवर माज ओळखणे, धारेची स्वच्छता आणि कासदाह लवकर पकडणे हे हाताला बसते. त्या कालवडीही फुकट वाढत नाहीत, मात्र त्यांचा खर्च अडीच वर्षांत थोडाथोडा होतो आणि त्यावर व्याज लागत नाही.

दोन परिस्थितींत मी माझे मत बदलेन. घरातलीच दोन माणसे पूर्णवेळ गोठ्यात राहणार असतील आणि बारमाही पाणी असेल, तर पाच-सहा गाईंपासून सुरुवात करता येईल. दुसरी परिस्थिती थेट विक्रीची आहे. तुमच्या तालुक्यात सुपे औद्योगिक वसाहत आहे, तिथल्या घरांत किंवा खाणावळींत रोज तीस-चाळीस लिटर दूध ५५ रुपयांच्या आसपास जात असेल तर वरचा सगळा हिशेब बदलतो, कारण मग तुमचा दर भुकटीच्या बाजाराला बांधलेला राहत नाही. त्यासाठी रोज सकाळी साडेसहाला दारात पोहोचणारा माणूस लागतो आणि उधारी वसूल करण्याचा स्वभाव लागतो. हा स्वभाव घरात कोणाकडे आहे का ते आधी पाहा. पुढेमागे आयकराचा प्रश्न आला तर दुधाचे उत्पन्न शेतीउत्पन्न धरले जात नाही, हेही लक्षात असू द्या. २०२५ मध्ये राज्याने पशुपालनाला कृषी समकक्ष दर्जा देण्याचा निर्णय घेतला, पण त्याचा संबंध वीजदर, कर्ज अशा राज्याच्या सवलतींशी आहे, आयकराशी नाही.

बँकेकडे पुन्हा जाल तेव्हा २६, ३० आणि ३५ अशा तिन्ही दरांचा ताळेबंद सोबत न्या. अधिकारी फक्त ३५ चा मागतील, पण घरी निर्णय २६ चा कागद समोर ठेवून घ्या. आणि मंजुरीपत्रावर सही करण्यापूर्वी तीन गोष्टी लेखी विचारा: पहिला हप्ता किती महिन्यांनी सुरू होतो, गाय भाकड असलेल्या महिन्यांत हप्ता कमी करून घेता येतो का, आणि गाय दगावली तर विम्याची रक्कम थेट कर्जखात्यात वळती होते की दुसरी गाय घ्यायला तुमच्या हाती मिळते.